तहाच्या वाटेत दोन राज्यघटना

रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर चढाई केली आणि सप्टेंबरअखेर डोनेत्स्क, लुहान्स्क, झापोरिझ्झिया व खेरसन हे चार प्रांत आपले म्हणून जाहीर केले. लगोलग घटनेतही त्यांची नोंद झाली. प्रत्यक्षात झापोरिझ्झिया शहर रशियाच्या हाती कधी आलेच नव्हते. खेरसन शहर होते, तेही नोव्हेंबरात सोडून रशियन फौजा नीपर नदीपलीकडे गेल्या. तेव्हापासून तिथे नदी हीच आघाडी झाली. पैलतीरावरून येणारे ड्रोन बाजारहाटाला निघालेल्या माणसांनाही सोडत नाहीत.

२०२० च्या घटनादुरुस्तीने रशियाला आपला मानलेला भूभाग सोडण्यास मनाई आहे. युक्रेनमध्ये सीमा बदलायला देशव्यापी सार्वमत लागते आणि मार्शल लॉ असेपर्यंत घटनादुरुस्ती करता येत नाही. निवडणुकाही मार्शल लॉमुळेच लांबल्या. अध्यक्ष झेलेन्स्की यांची पाच वर्षांची मुदत मे २०२४ मध्येच संपली होती.

म्हणून संपूर्ण तहापेक्षा आहे त्या रेषेवर शस्त्रसंधी होण्याचीच शक्यता जास्त. मात्र सुरक्षेची भक्कम हमी नसेल तर तीही टिकणार नाही. २०१४ आणि २०१५ चे शस्त्रसंधीचे मिन्स्क करार टिकले नाहीत, त्यामुळे युक्रेनची भीती रास्त आहे.

नाटोचा विस्तार रोखणे हे रशियाने या युद्धासाठी पुढे केलेले एक कारण. घडले उलटेच. फिनलंड २०२३ मध्ये, स्वीडन २०२४ मध्ये नाटोत गेले. एकट्या फिनलंडमुळे रशियाला लागून असलेली नाटोची सीमा सुमारे १,३४० किलोमीटरने वाढली.