फोल्डरला दिलेला लाल रंग राहतो कुठे?

संशोधन सुरू झालं की पहिल्या सहा महिन्यांत एक गोष्ट हमखास होते. लॅपटॉपवर पिवळ्या फोल्डरांचं रान माजतं. 'पेपर', 'पेपर नवीन', 'डेटा', 'डेटा २', 'फायनल', 'फायनल खरंच'. मग एखाद्या रविवारी वैतागून आपण शिस्त लावायला बसतो आणि पहिली कल्पना सुचते ती फोल्डरांचे आयकॉन बदलायची. वाचायच्या पेपरांना पुस्तक, कच्च्या डेटाला लाल, तयार कामाला हिरवा.

मीही बदलले होते, अजूनही बदलते. पण त्या चित्रामागे नेमकं काय घडतं हे मला उशिरा कळलं आणि कळण्याआधी एक चूक होऊन गेली. ती सांगतेच. त्याआधी आयकॉन बदलायचा कसा ते बघू.

विंडोजमध्ये यासाठी दोन वेगळ्या जागा आहेत. 'धिस पीसी', 'रिसायकल बिन', 'नेटवर्क' ही सिस्टिमची स्वतःची चित्रं बदलायची असतील तर सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, त्यात थीम्स आणि तिथे 'डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज'. रिसायकल बिनला दोन आयकॉन लागतात, एक भरलेल्या आणि एक रिकाम्या बिनसाठी. दोन्हीकडे एकच चित्र लावलंत तर आत काही पडलंय का ते नुसतं बघून कळणार नाही. त्याच खिडकीत खाली थीमला आयकॉन बदलू देणारी एक चौकट असते. तिच्यावर टिक राहिली तर पुढे कधी थीम बदलल्यावर तुमची मेहनत पुसली जाऊ शकते. काही बिघडलंच तर 'रिस्टोअर डिफॉल्ट' आहे. ही मूळ चित्रं विंडोजच्याच एका सिस्टिम फाईलमध्ये असतात. ती फाईलच उघडून बदलण्याच्या युक्त्या तुम्हाला कुठे ना कुठे वाचायला मिळतील. त्या वाटेला जाऊ नका, प्रबंधाच्या वर्षात तर नाहीच.

साध्या फोल्डरसाठी राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कस्टमाइझ, चेंज आयकॉन. इथे .आयसीओ फाईल लागते. पीएनजीचं नुसतं शेपूट बदलून काम भागत नाही, ती नीट रूपांतरित करावी लागते. कारण एका आयसीओ फाईलच्या पोटात एकच चित्र अनेक मापांत ठेवलेलं असतं: १६, ३२, ४८, २५६ पिक्सेल वगैरे. यादी बघताना विंडोज छोटं माप घेतं, मोठे आयकॉन बघताना मोठं. म्हणून मोठ्या मापात सुंदर दिसणारं चित्र यादीत गेलं की नुसता डाग होतं. माझं पहिलं 'पुस्तक' तसंच झालं होतं, साबणाच्या वडीसारखं दिसायचं.

छोट्या मापात कळेल असं चित्र काढणं हे मोठं कसब आहे. १९८४ च्या मॅकिंतॉशसाठी सुझन केअर यांनी आलेखाच्या कागदावर ३२ गुणिले ३२ चौकोन भरून आयकॉन तयार केले. म्हणजे फक्त १०२४ चौकोन, तेही काळे किंवा पांढरे. आणि आपल्यासाठी गमतीची गोष्ट अशी की 'आयकॉन' हा शब्द संगणकाच्या जगात आणला डेव्हिड कॅनफिल्ड स्मिथ यांनी, १९७५ मध्ये स्टॅनफर्डला सादर केलेल्या पीएच.डी. प्रबंधातून. पुढे ते झेरॉक्स स्टार या संगणकाच्या कामात होते. १९८१ च्या त्या मशीनच्या पडद्यावर कागद, फोल्डर, टपालपेटी अशी ऑफिसातल्या टेबलाची मांडणी होती. प्रबंध कोणी वाचत नाही असं कोणी म्हणालं तर हे उदाहरण पुढे करायला हरकत नाही.

आता मुख्य प्रश्न. फोल्डर लाल केला म्हणजे काय बदललं?

फोल्डर बदलत नाही. विंडोज त्याच्या आत डेस्कटॉप.आयएनआय नावाची एक लपवलेली फाईल ठेवतं. साध्या मजकुराचीच फाईल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. फक्त ती दिसण्यासाठी फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन सिस्टिमच्या संरक्षित फाईली लपवण्याची टिक काढावी लागते. आत 'शेलक्लासइन्फो' असा मथळा असतो आणि खाली आयकॉनचा पत्ता: सी ड्राइव्हमधल्या अमुक फोल्डरातली लाल.आयसीओ, स्वल्पविराम, शून्य. शून्य म्हणजे त्या फाईलमधलं पहिलं चित्र. याशिवाय फोल्डरवर 'रीड ओन्ली' किंवा 'सिस्टिम' अशी खूण लागते. फोल्डरच्या बाबतीत 'रीड ओन्ली'चा अर्थ आत काही लिहिता येणार नाही असा नसतो. 'इथे डेस्कटॉप.आयएनआय आहे, ती वाच' एवढाच तो इशारा असतो. खूण गेली की फाईल जागेवर असूनही रंग जातो. गिटवरून फोल्डर उतरवून घेतला की नेमकं हेच होतं, कारण गिट ही खूण जपत नाही.

म्हणजे लाल रंग तीन ठिकाणी विखुरलेला आहे. चित्र एका जागी, चित्राचा पत्ता दुसरीकडे, तो पत्ता वाचायची खूण तिसरीकडे. तिन्ही जुळले तर लाल.

माझी चूक इथेच होती. माझ्याकडे मुलाखतींचे दोन फोल्डर होते. 'मुलाखती' मध्ये बोलणाऱ्यांची खरी नावं आणि गावं होती. 'मुलाखती २' मध्ये ती काढून सांकेतिक क्रमांक घातले होते. पहिला लाल, दुसरा हिरवा. माझ्या डोळ्यांना फरक इतका स्वच्छ दिसायचा की नावं सुधारायची गरजच वाटली नाही. कोडिंगला मदत करणाऱ्या एका मैत्रिणीला द्यायचं म्हणून घाईत वरचा अख्खा फोल्डरच पेन ड्राइव्हवर टाकला आणि फोनवर सांगितलं, "हिरवा उघड, लाल राहू दे."

तिच्या मशीनवर दोन्ही पिवळे. आयकॉनचा पत्ता माझ्या लॅपटॉपच्या सी ड्राइव्हमधला, तिच्याकडे ती फाईल असणार कुठून? तिने साहजिकच यादीतला पहिला उघडला. रात्री तिचा फोन आला. "अगं, यातल्या तिसऱ्या बाई माझ्या मामीच्या शेजारी राहतात."

त्या बाईंनी संमतीपत्रावर सही करताना मला एकच प्रश्न विचारला होता, माझं नाव कोणाला कळणार नाही ना? मी हो, नाही कळणार, असं सांगून आले होते. मैत्रीण शहाणी होती, तिने फाईल लगेच बंद केली, दुसऱ्या दिवशी पेन ड्राइव्ह परत दिला. मी गाईडना जाऊन सांगितलं आणि घडलेलं नोंदवहीत तारखेसह लिहिलं. बाईंनाही भेटून सांगितलं. ते सगळ्यात अवघड होतं. त्या रागावल्या नाहीत, "बरं" म्हणाल्या, पण पुढची मुलाखत दिली नाही.

हा प्रश्न फक्त विंडोजचा आहे असं समजू नका. मॅकवर 'गेट इन्फो' उघडून वरच्या छोट्या चित्रावर नवं चित्र पेस्ट करतात. ते फोल्डरच्याच आत 'आयकॉन' नावाच्या लपवलेल्या फाईलमध्ये जातं. म्हणजे चित्र सोबत प्रवास करतं, पण विंडोजला त्याचा अर्थ कळत नाही. लिनक्सवर केडीई असेल तर फोल्डरमध्ये '.डिरेक्टरी' नावाची फाईल होते. ग्नोममध्ये मात्र फोल्डरात काहीच ठेवलं जात नाही. नोंद जाते तुमच्या होम डिरेक्टरीतल्या मेटाडेटाच्या साठ्यात. त्यामुळे त्याच मशीनवर दुसऱ्याने लॉगिन केलं तरी त्याला तुमचा रंग दिसणार नाही. विंडोजच्या 'धिस पीसी'सारख्या चित्रांचंही तसंच, ती नोंद रजिस्ट्रीत त्या-त्या वापरकर्त्याच्या खात्यात असते.

उलटा त्रासही असतो. लपवलेली फाईल तुमच्यापासून लपते, प्रोग्रॅमपासून नाही. पायथॉनमध्ये फोल्डरमधल्या सगळ्या फाईली वाच असं सांगितलंत तर डेस्कटॉप.आयएनआयही त्यात येते. माझ्या २४ मुलाखती स्क्रिप्टने २५ मोजल्या आणि मराठी शब्दांच्या वारंवारितेच्या यादीत 'शेलक्लासइन्फो' हजर! हे हसण्यावारी गेलं, पण एखादीची सरासरी अशीच चुकू शकते. 'सगळ्या' ऐवजी 'फक्त .टीएक्सटी' असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

आता माझ्या फोल्डरांची नावं लांबलचक आहेत: '०१_मूळ_नावांसह_देऊ_नये', '०२_नावं_काढलेल्या'. पहिला फोल्डर कूटबद्ध करून ठेवलाय आणि तो वेगळ्याच जागी आहे, दुसऱ्याच्या शेजारी नाही. दोन्हींत एक छोटी 'वाचा' फाईल आहे, त्यात आत काय आहे आणि कोणी बघायचं ते लिहिलंय. लाल आणि हिरवे आयकॉन अजून आहेत, रोजच्या कामात नजर पटकन पोचते म्हणून. ते बदलूनही जुनंच चित्र दिसत राहिलं तर घाबरू नका. विंडोज आयकॉनच्या प्रती साठवून ठेवतं. टास्क मॅनेजरमधून 'विंडोज एक्सप्लोरर' रीस्टार्ट केलं की बहुतेक वेळा काम होतं.

तुमच्या फोल्डरांची परीक्षा घ्यायची असेल तर एक करा. आत नुसत्या रिकाम्या फाईली ठेवून हुबेहूब तीच नावं आणि तेच आयकॉन असलेली मांडणी पेन ड्राइव्हवर घ्या आणि तुमच्या विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्याच्या मशीनवर उघडा. त्याला काही सांगू नका. फक्त विचारा, यातला कुठला फोल्डर मी कोणाला देऊ शकते?