राणीची बाग, सावकाश

पहिल्या वेळी माझी चूकच झाली. आई अठ्ठ्याहत्तरची, मावशी चौऱ्याहत्तरची. मे महिन्यातल्या एका रविवारी दोघींना मी राणीच्या बागेत नेलं आणि तिकीट काढलंय तर सगळं बघू म्हणून पिंजऱ्यामागून पिंजरा दाखवत फिरवलं. अकरा वाजेपर्यंत आईचा गुडघा धरला. घरी येताना मावशी इतकंच म्हणाली, "बाग छान आहे गं, पण बसायलाच मिळालं नाही."

ते वाक्य मनात राहिलं, आणि पुढची सहल मी बसण्याभोवतीच आखली. भायखळ्याच्या या बागेचं सुख त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

ही बाग प्राण्यांच्या आधी झाडांची आहे. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती खुली झाली, तेव्हा तिचं नाव व्हिक्टोरिया गार्डन्स होतं. लोकांनी व्हिक्टोरियाला बाजूला सारून नुसती 'राणी' ठेवली. पुढे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असं नामकरण झालं आणि राणीची बाग हे नाव त्याही अर्थाने शोभू लागलं. पन्नासएक एकरांत शंभर-दीडशे वर्षांचे वृक्ष उभे आहेत. मुंबईच्या ऐन मध्यावर इतकी दाट सावली क्वचितच सापडते. सत्तरीपुढच्या माणसाला वाघापेक्षा सावलीची गरज आधी लागते, म्हणून मी झाडांपासून सुरुवात केली.

डिसेंबरातला मंगळवार होता. सकाळी साडेनऊच्या सुमारास पोहोचलो. भायखळा पूर्वेकडून बाग चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे, पण आम्ही स्टेशनाबाहेर टॅक्सी केली. पायांतली ताकद बागेसाठी राखायची, रस्त्यावर घालवायची नाही. आत शिरताच आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारून घेतलं. हे विचारायला वयस्कर माणसं संकोचतात आणि मग दिवसभर पाणीच पीत नाहीत. माझी आई हेच करायची. जवळ आहे असं कळल्यावर तिने बाटली उघडली.

पहिला मुक्काम उर्वशीपाशी. हे झाड मूळचं ब्रह्मदेशातलं. हिवाळ्यात त्याला लाल-पिवळ्या फुलांचे लांब झुबके लोंबतात, झुंबरासारखे. पुढे कैलासपती, ज्याची फुलं थेट खोडावर येतात आणि ज्यांच्यात शिवलिंगावर फणा धरलेला नाग दिसतो. कृष्णवडाचं पान तर मावशीने स्वतःच ओळखलं. देठाशी द्रोणासारखी वाटी, त्यात कृष्णाने लोणी लपवलं ही गोष्ट तिला तिच्या आजीने सांगितलेली. अर्धा तास आम्ही जेमतेम शंभर पावलं चाललो असू, पण दोघी सतत बोलत होत्या.

प्राणी आम्ही तीनच पाहायचे ठरवले होते. त्यांत पेंग्विन हवेतच. हम्बोल्ट जातीचे हे पेंग्विन २०१६ साली दक्षिण कोरियातून आले आणि २०१७च्या मार्चपासून लोकांना पाहायला मिळू लागले. पेंग्विन म्हटलं की आपल्याला बर्फ आठवतो, पण ही जात पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरची. तिथून वाहणाऱ्या थंड हम्बोल्ट प्रवाहावरून तिचं नाव पडलं. काचेपलीकडे ते पाण्यात सूर मारतात तेव्हा आई लहान मुलीसारखी काचेला हात लावून उभी होती. रविवारी इथे मागून रेटा असतो, मंगळवारी कुणी "पुढे चला" म्हणालं नाही. त्यानंतर पाणघोडा आणि शेवटी पक्ष्यांचं मोठं जाळीघर, जिथे आपणच आत जाऊन पक्ष्यांमधून चालतो. वाघ राहिला. राहू दे. दुपारच्या उन्हात तो झोपलेलाच असतो आणि तो पुन्हा येण्याचं निमित्त होतो.

मावशीला मात्र हत्ती हवा होता. शाळेच्या सहलीत ती इथल्या हत्तीवर बसली होती, पाठीवरच्या हौद्यात सात-आठ मुली दाटीने. ती सवारी बंद झाली हे योग्यच झालं, पण आठवणीतला हत्ती कुठून आणायचा? मी तिला शेजारच्या संग्रहालयाच्या आवारात नेलं. तिथे एक दगडी हत्ती उभा आहे. हा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आणले आणि १९१४ साली जोडून त्याला पुन्हा उभं केलं. मावशीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "सांधे जोडलेत होय याचेही." तिचा स्वतःचा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललेला आहे.

डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ सालचं, मुंबईतलं सर्वांत जुनं. तिथे पायऱ्या आहेत, तेव्हा दुखऱ्या पायांच्या माणसाला हात द्यायला एक जण हवाच. जुन्या मुंबईतल्या लोकांच्या पगड्या नि पोशाख दाखवणाऱ्या मातीच्या बाहुल्या इथे आहेत. आईने त्यांत तिच्या आजोबांची पगडी शोधून काढली. मला ती कधीच ओळखता आली नसती. आपण त्यांना दाखवायला जातो आणि तीच आपल्याला दाखवू लागतात, असं त्या दिवशी सारखं होत राहिलं.

साडेबाराला आम्ही निघालो. तीन तास पुरतात. थकवा यायच्या आत निघालं तर पुढच्या वेळी पाय मागे येत नाहीत. बरोबर पातळ उशी ठेवावी, दगडी बाक कंबरेला टोचतो. गोळ्यांची वेळ बघून न्याहारी करून निघावं, आणि ज्यांना लांब चालवत नाही त्यांच्यासाठी चाकाची खुर्ची घरूनच न्यावी. तिची लाज वाटायचं कारण नाही.

घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस असेल तर या हिवाळ्यात एक दिवस रजा काढा आणि त्यांना राणीच्या बागेत घेऊन जा. रविवार नको. बुधवारी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात.