पुरात बुडालेली जुनी मोटार

परभणी जिल्ह्याचे पाण्याशी नाते मोठे विलक्षण आहे. वैशाखात जी गावे घागरभर पाण्याकरिता ताटकळतात, तीच भाद्रपदात पाण्याने वेढली जातात. जिल्ह्याच्या दक्षिण भागातून गोदावरी वाहते. दुधना पूर्णेस मिळते आणि पूर्णा पुढे गोदावरीस. एकीस पूर आला की दुसरीचे पाणी तुंबते, आणि ओढे-नाले उलटे वाहू लागतात. सप्टेंबर २०२४ च्या आरंभी परभणी, हिंगोली व नांदेड या जिल्ह्यांवर जी अतिवृष्टी कोसळली तिची, आणि २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर पुन्हा आलेल्या संकटाची आठवण अद्याप ताजी आहे. अशा प्रसंगी ज्यांचे उभे सोयाबीन आणि गोठ्यातील जनावरे गेली त्यांच्या दुःखापुढे मोटारीची गोष्ट काढणे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. तथापि वडिलोपार्जित वस्तूंची हानी हीही घराची हानीच होय, आणि योग्य वेळी योग्य गोष्ट केल्यास ती बव्हंशी टाळता येते, म्हणूनच हा लेख.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी आजोबांच्या किंवा थोरल्या काकांच्या वेळची एखादी फियाट पडवीत झाकून ठेवलेली असते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून फियाट अकराशे डी ही मोटार निघू लागली, आणि १९७४ पासून तिलाच ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. पुराच्या दृष्टीने या मोटारीचा मोठा गुण असा की, तिच्यात विद्युत्-मेंदू नाही. चार सिलिंडरांचे १०८९ घनसेंटिमीटरचे साधे इंजिन, एक कार्बोरेटर आणि मूठभर तारा, एवढाच तिचा संसार. आजच्या मोटारीत आसनाखालच्या नाजूक पेट्यांत पाणी शिरले की दुरुस्तीचा खर्च मोटारीच्या किमतीस जाऊन भिडतो. फियाटचा मात्र जवळजवळ प्रत्येक भाग उघडता, धुता, वाळवता व पुन्हा बसविता येतो.

तेव्हा जुनी मोटार पाण्याने मरते असे नव्हे. ती मरते पाणी ओसरल्यानंतरच्या उतावळेपणाने. पाणी उतरले की घरातील कोणी तरी हौशी पुतण्या किल्ली घेऊन पुढे होतो, ‘चालू होते का ते तर पाहू’ म्हणून. ही किल्ली त्याच्या हातून काढून घेणे हे वडीलधाऱ्यांचे पहिले कर्तव्य! हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरात पाणी असताना इंजिन फिरविले तर वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि त्याचा दांडा वाकतो. जे काम चार प्लग काढून भागले असते, त्यास मग सारे इंजिन उकलावे लागते. सबब प्रथम बॅटरीची तार सोडावी, आणि मोटार चालवीत नव्हे, ढकलीत उंचवट्यावर न्यावी.

यानंतरची गोष्ट आपल्या भागापुरती विशेष महत्त्वाची आहे. आमच्या नद्यांचा गाळ म्हणजे काळी माती. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसून दगडासारखी घट्ट होते. उन्हाळ्यातील शेतांच्या भेगा पाहिलेल्यांस हे सांगावयास नको. मोटारीच्या दारांत, तळाच्या पोकळ पट्ट्यांत आणि चाकांच्या ड्रममध्ये ती वाळली, की ओल आत कोंडून धरते आणि पत्रा आतून कुजू लागतो. म्हणून गाळ ओला आहे तोवरच स्वच्छ पाण्याने धुऊन काढावा. घर सावरण्याच्या धांदलीत दुसरे काही जमले नाही तरी एवढे करावे. यास पैसा लागत नाही, दोन माणसे व एक नळी पुरते. समुद्राचे खारे पाणी शिरलेल्या मोटारीपेक्षा आपली नदीत बुडालेली मोटार पुष्कळच सुदैवी, हे समाधान मानावे.

पुढचे काम जाणत्या मिस्त्रीचे. तो चारही प्लग काढून सिलिंडरांत डिझेल व ऑईल यांचे मिश्रण ओततो, ते मुरू देतो, आणि मग इंजिन हाताने हळूहळू फिरवून पाणी बाहेर घालवितो. इंजिनातील ऑईल दुधाळ चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे. ते एकदा बदलून भागत नाही. थोडा वेळ इंजिन चालवून पुन्हा बदलावे लागते. गिअरबॉक्स आणि मागच्या आसाचा डिफरेन्शियल यांचीही तीच गत. यांच्याकडे मात्र हटकून दुर्लक्ष होते. पेट्रोलच्या टाकीत पाणी जड म्हणून तळाशी बसते, तेव्हा टाकी पुरी रिकामी करावी, आणि ते काम चालू असता जवळपास दिवा किंवा विडी असू नये. डायनामो व सेल्फ उघडून मंद उष्णतेवर वाळवावे लागतात.

ब्रेकच्या बाबतीत काटकसर मुळीच नको. ड्रमच्या आत गंज चढून लायनर चिकटतात, आणि ब्रेकच्या तेलास पाणी शोषण्याचा गुण असल्यामुळे ते निकामी होते. सिलिंडरांची रबरे नवीच घालावीत. चाकांच्या बेअरिंगांतील ग्रीसही धुऊन नवे भरावे. इंजिन सुरू झाले की सर्वांस हर्ष होतो आणि मुलाबाळांसह फेरी मारण्याचा बेत ठरतो. त्याआधी मोटार रिकाम्या मैदानात थांबते की नाही ते पाहिलेले बरे.

आसनांतील काथ्या व कापूस यांची दशा भिजलेल्या गादीसारखी होते. वरून उन्हात घालून ती वाळत नाहीत. खोळी उसवून आतील भरण टाकून द्यावे लागते. दारांच्या आतील पुठ्ठ्याच्या फळ्या फुगतात, पण त्यांच्या मापाने नव्या कापून घेणे सुताराच्या हातचा मळ आहे. मोटारीच्या कप्प्यात भिजलेली कागदपत्रे सापडतात. ती ओढून वेगळी करू नयेत. टीपकागदात दाबून सावलीत वाळवावीत.

सुट्या भागांकरिता अजूनही कुर्ल्याच्या जुन्या बाजाराकडेच पाहावे लागते. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली. तिची हाडेकाडे आता घरोघरीच्या फियाटना उपयोगी पडतात. येथे एक सावधगिरी सुचवितो. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या मोटारीस ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. परंतु मोटार मूळ स्वरूपात असावी, अशी त्यात अट आहे. तेव्हा जुने दिवे, मुठी, घड्याळे घासून पुसून पुन्हा बसवावीत. चकाकत्या नव्या वस्तूंनी ‘शोभा’ वाढविण्याचा मोह आम्हांस तरी रुचत नाही.

दाराखालच्या पट्ट्या कुजून पत्रा बोटाने दबत असेल, तर मात्र मोटार रस्त्यावर आणण्याचा हट्ट सोडावा. ती पडवीतच शोभते. ज्यांची वाचली त्यांनी पुढच्या रोहिणी निघण्यापूर्वी त्या पट्ट्यांची तळची भोके तारेने मोकळी करून आत पातळ ऑईल फवारावे, आणि मोटारीच्या जागेचा ओटा मागच्या पुराच्या खुणेहून हातभर उंच बांधून घ्यावा.