भयाचे न उमललेले बीज

बऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यातून उत्तरेस निघावे, तो सुमारे २० किलोमीटरांवर असीरगड लागतो. गडावरील शिवमंदिरात पहाटे ताजे फूल वाहिलेले आढळते आणि ते अश्वत्थामा वाहून जातो, अशी आख्यायिका आहे. वाहणारा दिसत नाही, म्हणूनच ती टिकली.

भयपटाचे मर्मही हेच होय. राही अनिल बर्वे यांच्या २०१८ मधील ‘तुंबाड’मध्ये हस्तर प्रत्यक्ष दिसतो, परंतु खरे अनिष्ट दडले आहे ते विनायकाच्या मनात. हस्तराला भूक पिठाची, विनायकाला सोन्याची. अखेरीस विनायकाचा मुलगा त्या सोन्याकडे पाठ फिरवतो. हस्तर मात्र गर्भातच उरतो. २०२४ च्या सप्टेंबरात हा चित्रपट पुन्हा झळकला, तेव्हा उत्तरभागाची घोषणा झाली, यात नवल ते काय?

परंतु उत्तरभागाची खरी कसोटी पुढेच आहे. अनिष्टाचे कूळ-मूळ सारे उकलून दाखविले, की भय ओसरते आणि हाती राहते ती केवळ माहिती. राक्षस पुन्हा येईल काय, हा प्रश्न किरकोळ आहे. एकदा नाकारलेला लोभ मुलाच्या मनात पुन्हा जागेल काय, ही शंका प्रेक्षकाने घरी नेली पाहिजे.