पेरू, सीताफळ आणि मधुमेह : उमरग्याच्या बाजारातील फळांचा विचार

बालाघाटच्या पठारावरील उमरगा परिसरात पावसाळा सरताना सीताफळे आणि त्यापाठोपाठ पेरू बाजारात येऊ लागले, की मधुमेह जडलेल्या अनेकांच्या ताटातून फळे हद्दपार होतात. ही भीती समजण्यासारखी असली तरी ती बव्हंशी अनाठायी आहे. पेरूच्या 100 ग्रॅम गरात 5 ग्रॅमहून अधिक तंतुमय पदार्थ असतात. त्यांपैकी पेक्टिन हा विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळून चिकटसर होणारा तंतू आतड्यात साखरेचे शोषण मंदावतो आणि पित्ताम्लांना धरून ठेवून शरीराबाहेर नेतो. नवी पित्ताम्ले तयार करण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल वापरावे लागते आणि त्यामुळे एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारे कोलेस्टेरॉल, काही प्रमाणात घटते. सीताफळात साखर बरीच असल्याने त्याचे प्रमाण मात्र बेताचेच हवे.

रसाची गोष्ट अगदी वेगळी आहे, कारण गाळताना तंतू निघून जातात आणि साखर तेवढी उरते. हार्वर्डच्या संशोधकांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या, सुमारे 1,87,000 व्यक्तींच्या अभ्यासात द्राक्षे व सफरचंदे अख्खी खाणाऱ्यांत दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका कमी, तर फळांचा रस पिणाऱ्यांत अधिक आढळला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शिकेत प्रौढांसाठी रोज सुमारे 100 ग्रॅम फळे सुचवली आहेत. एक मध्यम पेरू साधारण तेवढाच भरतो. औषधे व इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी, विशेषतः मूत्रपिंडाचा विकार असल्यास, हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.