जुना कंपायलर का अडला?

ऑगस्ट 2017मध्ये ग्लिबसीची 2.26 आवृत्ती आली. लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्राम ज्या सी लायब्ररीच्या आधाराने चालतात, ती ही. तिच्यात ‘स्ट्रक्ट यूकॉन्टेक्स्ट’ हे एका डेटा-प्रकाराचं नाव काढून फक्त ‘यूकॉन्टेक्स्ट_टी’ ठेवलं. पहिलं नाव पॉझिक्स मानकात नव्हतंच. बदल रास्त, पण जीसीसी या कंपायलरच्या जुन्या आवृत्त्यांच्या सोर्समध्ये नेमकं तेच नाव होतं. नव्या सिस्टिमवर जुना जीसीसी बिल्ड करायला गेलं, की एरर!

गंमत म्हणजे आधीच तयार असलेले प्रोग्राम बिनघोर चालत राहिले. हे नाव लागतं कंपाइल करताना. तयार बायनरीत उरते ती फक्त मेमरीतली मांडणी. शिवाय ग्लिबसी फंक्शनांची जुनी रूपंही सांभाळते. उलट दिशेला मात्र अडतं. नव्या ग्लिबसीवर बिल्ड केलेला प्रोग्राम जुन्या मशीनवर अनेकदा सुरूच होत नाही, म्हणून शहाणे प्रोग्रामर वाटपाची प्रत मुद्दाम जुन्या सिस्टिमवर बिल्ड करतात.