चेहऱ्यावरचे खड्डे आणि लेझरचा किरण

मागच्या व्याख्यानानंतर माझ्या हातात एक चिठ्ठी आली. "मुरमांच्या खड्ड्यांवर लेझर करतात, ते नक्की काय असतं, समजावून सांगाल का?" आयोजकांना हसू आलं. तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे काय विचारायचं! मी मात्र ती चिठ्ठी जपून ठेवली. कारण हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी माझ्या भाचीने मला विचारला होता, आणि मी त्याचं उत्तर दिलं नव्हतं.

"मामा, लेझर करून घेऊ का?" असं ती म्हणाली. मी तिला रूप कसं क्षणिक, माणूस गुणांनी कसा ओळखला जातो, हे अर्धा तास ऐकवलं. त्यात खोटं काही नव्हतं. पण ती विचारत होती की हे कसं होतं, आणि मी सांगत होतो की हे कशाला हवं. शेवटी ती कुणाला न विचारता एका ठिकाणी गेली. तिथे काय झालं ते पुढे सांगतो. आधी, तेव्हा तिला द्यायला हवं होतं ते उत्तर देतो. मी डॉक्टर नाही. वाचून आणि त्वचारोगतज्ज्ञांना विचारून जेवढं समजलं, तेवढंच बोलेन.

पहिली गोष्ट म्हणजे डाग वेगळा आणि खड्डा वेगळा. मुरूम गेल्यावर काळपट खूण राहते तो रंगाचा डाग. तो बहुतेक वेळा काही महिन्यांत, उन्हापासून जपल्यावर आणि साध्या मलमांनी फिका होतो. खड्डा म्हणजे त्वचेच्या आतला आधार, कोलॅजन नावाच्या प्रथिनाचं जाळं, सुजेमुळे मोडून पडलेलं असतं आणि वरची त्वचा खाली बसलेली असते. तिथे वरून लावलेलं मलम फारसं काही करू शकत नाही. लेझरचा विचार करायचा तो या खड्ड्यांसाठी.

आता हा लेझर. सोड्याच्या बाटलीत असतो तोच कार्बन डायऑक्साइड वायू वापरून हा किरण तयार करतात. तो १९६४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी शोधला. पटेल जन्माने बारामतीचे, आणि शिकले पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात. या किरणाची तरंगलांबी साधारण १०,६०० नॅनोमीटर, म्हणजे तो डोळ्यांना दिसत नाही. त्याचा मुख्य गुण असा की पाणी त्याला अधाशासारखं शोषून घेतं. आपली त्वचा पाण्याने भरलेली. त्यामुळे किरण पडला की त्या जागच्या पेशींमधल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि तेवढी त्वचा उडून जाते. थोडक्यात काय, तर हा किरण जखम करतो. हे आधी नीट मनात ठसवून घ्या.

मग जखमेने बरं कसं वाटायचं? १९९०च्या दशकात डॉक्टर या लेझरने चेहऱ्याचा वरचा थर सरसकट काढत. खाली नवं कोलॅजन तयार होई, त्वचा सपाट होई. पण माणूस बरेच दिवस ओल्या जखमेसारखा चेहरा घेऊन घरात बसे, लाली महिनोन्महिने टिके, संसर्गाची भीती असे आणि काहींच्या त्वचेचा रंग कायमचा उडे. सावळ्या त्वचेला तर धोका आणखी जास्त.

२००४ साली अमेरिकेतल्या डीटर मॅनस्टाइन, रॉक्स अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळी कल्पना मांडली. सगळी त्वचा भाजायचीच कशाला? बारीक बारीक ठिपके भाजायचे आणि मधली त्वचा शाबूत ठेवायची. त्यांनी ते दुसऱ्या प्रकारच्या लेझरवर दाखवलं, आणि पुढे तीच कल्पना कार्बन डायऑक्साइड लेझरला जोडली गेली. फ्रॅक्शनल हा शब्द तिथून आला. फ्रॅक्शन म्हणजे अंश. एका वेळी त्वचेचा फक्त काही अंश.

ज्यांचं बालपण कौलारू घरात गेलं, त्यांना हे लगेच कळेल. पावसाळ्याआधी आपण कौलं चाळायचो. सगळं छप्पर एकदम उतरवलं आणि वळीव आला तर घरात तळं. म्हणून एक फुटकं कौल इथलं, एक तिथलं काढायचं, शेजारची जागेवर ठेवायची. छप्पर उभं राहायचं आणि दुरुस्तीही व्हायची. इथेही तसंच आहे. किरण केसाच्या जाडीएवढी उभी छिद्रं पाडतो. प्रत्येक छिद्राच्या चहूबाजूंनी न जळलेल्या जिवंत पेशी असतात. त्या सरकत येतात आणि एकदोन दिवसांत वरचं तोंड बुजवतात. आत मात्र उष्णतेने डिवचलेल्या पेशी नवं कोलॅजन विणत राहतात, आणि ते काम तीन ते सहा महिने चालतं. म्हणजे बरं करण्याचं श्रेय किरणाला नाही, शेजारच्या शाबूत त्वचेला आहे. ती जितकी निरोगी आणि जितकी राखलेली, तितकं काम चांगलं.

आता माझ्या भाचीचं ऐका. साखरपुड्याला तीन आठवडे होते. एप्रिल महिना. त्या ठिकाणी तिला सहा बैठकांचं पॅकेज विकलं. तू उन्हात फिरतेस का, घरात कुणाला केलॉइड, म्हणजे वाढत जाणारे व्रण, होतात का, हे कुणी विचारलं नाही. पाचव्या दिवशी खपल्या पडल्या आणि ती दुचाकीवरून ऑफिसला जाऊ लागली. दोन आठवड्यांत चेहऱ्यावर चाळणी ठेवून छाप मारावा तसे काळे ठिपके उमटले. साखरपुड्याच्या सगळ्या फोटोंत ती मान खाली घालून आहे. ते ठिपके जायला आठ महिने लागले.

असं का होतं? आपल्या भारतीय त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी उष्णतेने आणि सुजेने लगेच चवताळतात. म्हणून जाणते डॉक्टर सावळ्या त्वचेवर ठिपके विरळ ठेवतात, बैठकांमध्ये चार ते आठ आठवडे जाऊ देतात आणि सनस्क्रीनशिवाय बाहेर पडू देत नाहीत. मुरूम अजून येत असतील तर आधी ते आटोक्यात आणतात. ओठांवर वारंवार जर उठत असेल तर विषाणूवरचं औषध देतात. वांग असेल तर या लेझरपासून लांबच राहायला सांगतात, कारण वांग आणखी गडद होऊ शकतं.

आणि सगळे खड्डे सारखे नसतात. सुई टोचल्यासारखे खोल, अरुंद खड्डे या लेझरला फारसे दाद देत नाहीत. तिथे तीव्र आम्लाचा बारीक थेंब वापरतात. लाटेसारखे पसरट खड्डे खालून धाग्यांनी ओढलेले असतात. ते धागे आधी सुईने सोडवावे लागतात. उभ्या कडांच्या उथळ खड्ड्यांवर लेझर चांगला चालतो. भाजल्याच्या जुन्या व्रणांवर, आणि काही वेळा कोडावर इतर उपचारांच्या जोडीने, हाच किरण वापरतात.

तेव्हा चिठ्ठी लिहिणाऱ्या बाई, तुमचं उत्तर असं. हा उपचार खरा आहे. खड्डे उथळ होतात, त्यांच्या कडा मऊ होतात. पूर्ण पुसले जातात असं कुणी सांगत असेल तर तिथून उठा. जाताना चार प्रश्न घेऊन जा : माझे खड्डे कुठल्या प्रकारचे? माझ्यासारख्या त्वचेवर तुम्ही हे किती वेळा केलंय? काळं पडलं तर काय कराल? आणि किरण मारणारा हात त्वचारोगतज्ज्ञाचा आहे की दुसऱ्या कुणाचा? कार्यक्रम जवळ असेल तर थांबा. उन्हाळा असेल तर पावसाळ्याची वाट बघा.

भाचीने पुढे एका डॉक्टरीणबाईंकडे नीट उपचार घेतले. खड्डे आहेत अजून, पण कमी. परवा ती म्हणाली, "मामा, तेव्हा तू मला रागावला असतास तरी चाललं असतं, फक्त माहिती द्यायची होतीस." तिला देण्यासारखं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. आज ते तुम्हाला दिलं.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.